पट्टीचे पोहणारे

दोह्याच्या नैर्ऋत्येला, औद्योगिक वसाहतीला लागून एशियन टाउन आहे. लगतच्या लेबर सिटीत सुमारे 70 हजार कामगारांच्या राहण्याची सोय आहे, आणि एशियन टाउन म्हणजे त्यांचा बाजार, त्यांचं सिनेमाघर, त्यांचा खुला रंगमंच आणि त्यांचं क्रिकेटचं मैदान. 2022 च्या फुटबॉल विश्वचषकात याच मैदानात मोठा पडदा लावला होता, आणि ज्यांनी स्टेडियम उभारली त्यांतल्या हजारोंनी इथे बसून सामने पाहिले. कतारला तीन बाजूंनी समुद्र आहे, पण शुक्रवारी संध्याकाळी एशियन टाउनमध्ये उभं राहिलं की चहूकडे फक्त माणसं दिसतात. पैसे घरी पाठवणाऱ्यांच्या रांगा, चहाचे कागदी कप, आणि मल्याळम, नेपाळी, बंगाली, हिंदी यांच्या गलबल्यात मधूनच कानावर पडणारं ‘काय गाव कुठलं म्हणायचं?’

माझी कचेरी इथून जवळ आहे. चहाला आलो की सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूरकडची मंडळी भेटतात. वेल्डर, क्रेनवाले, सुतार, एखादा फोरमन. यांना ‘पोहता येतं का?’ असं विचारणं म्हणजे ‘भाकरी खाता येते का?’ असं विचारण्यापैकी आहे. प्रत्येकाची विहीर असते. पाठीला सुकवलेला भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा, तोंड बंद केलेला डबा बांधून काकाने किंवा मामाने ढकलून दिलेलं असतं. पहिल्या उन्हाळ्यात नाकातोंडात पाणी, दुसऱ्या उन्हाळ्यात डबा सुटतो, तिसऱ्या उन्हाळ्यात मोटेच्या धावेवरून सूर आणि मुटके. माझंही असंच झालं. चाळिशी उलटेपर्यंत मी स्वतःला पट्टीचा पोहणारा समजत होतो.

हा समज दोह्यातल्या एका तलावात, अदमासे पस्तीस मीटरवर बुडाला.

तलाव पन्नास मीटरचा होता. बरोबर एक वेल्डर होता, इस्लामपूरकडचा, दंड माझ्या मांडीएवढे. दोघांनी एकदम उडी घेतली. मुंडी पाण्याबाहेर, हात फटाफट, पाणी चौफेर. वीस मीटरपर्यंत आम्ही दोघं विमानासारखे गेलो. पंचविसावर छाती भरून आली. पस्तिसावर मी दोरी धरली. वेल्डर पलीकडे पोचला खरा, पण काठाला लटकून पाच मिनिटं त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेजारच्या पट्ट्यात साठीचे एक गृहस्थ, पोट सुटलेले, संथपणे येत-जात होते. आम्ही दमून बसलो तेव्हाही ते पोहत होते, आणि कपडे बदलून बाहेर आलो तेव्हाही पोहतच होते.

विहीर पंधरा-वीस फूट रुंद असते. तिच्यात पोहण्याचा मुख्य भाग उडी हा असतो. उडीनंतर चार हात मारले की पायरी येते. विहीर माणसाला पाण्याची भीती घालवायला शिकवते, बुडी मारायला शिकवते, उलटं होऊन तळ गाठायला शिकवते. ही दौलत कमी नाही. पण अंतर कापायला ती शिकवत नाही, कारण तिच्यात अंतरच नसतं. ‘पोहता येतं’ आणि ‘नीट पोहता येतं’ यांत किती फरक आहे हे तिथे कधी कळत नाही.

तलावावरचा शिकवणारा फिलिपिनो होता. त्याने मोडक्या हिंदीत विचारलं, ‘पाण्याने तुमचं काय बिघडवलंय? मारताय का त्याला?’

त्याच्या प्रश्नाचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट असतं. त्यातून जाताना होणारा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट हवी. आठपट ताकद कुणाच्याही दंडात नसते. म्हणून ताकद वाढवण्यापेक्षा विरोध कमी करणं नेहमीच स्वस्त पडतं. जमिनीवर जोर लावला की काम पुढे सरकतं. ओझं उचलणाऱ्या, पाना फिरवणाऱ्या माणसाचा आयुष्यभराचा अनुभव तसाच असतो. पाण्यात त्याच जोराचा बराचसा भाग फेस करण्यात जातो. माझ्या वेल्डरला पोहणं शिकायला जड गेलं नाही, जड गेलं ते जोर न लावणं. ज्याच्या अंगमेहनतीवर घर चालतं त्याला ‘सैल सोड’ म्हणणं सोपं आहे, ऐकणं नाही.

आता मुंडीचं बघा. माणसाच्या शरीरातला हलका भाग म्हणजे छाती, कारण फुप्फुसांत हवा असते. जड भाग म्हणजे कंबर, मांड्या, पाय. त्यामुळे पाण्यात आडवं झालं की छाती वर राहते आणि पाय खाली जातात. तराजूचा काटा जणू पोटापाशी असतो. अशात मुंडी वर काढली तर पाय आणखी खाली. मग आपण आडवे पोहत नाही, तिरके पोहतो. एखादं दार आडवं सरकवण्याऐवजी तिरपं धरून पाण्यातून ओढावं तसं. विहिरीत मुंडी वर ठेवण्याची सवय लागते, कारण वरून कोण उडी टाकतंय ते बघावं लागतं. तलावात तिचा उपयोग नाही. नजर तळाच्या काळ्या रेघेवर, मानेत ताण नाही, छाती किंचित खाली दाबलेली, एवढं केलं की पाय आपोआप वर येतात. मला हे एक वाक्य ऐकायला दोन सेकंद लागले आणि अंगी बाणायला दोन महिने.

मुंडी पाण्यात गेली की श्वासाचा प्रश्न उभा राहतो, आणि मोठेपणी शिकणाऱ्यांतले निम्मे इथेच सोडून देतात. ते म्हणतात, ‘दम पुरत नाही.’ दम पुरत असतो. श्वास कोंडल्यावर जी तगमग होते ती मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे होत नाही, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. आपण पाण्यात तोंड मिटून हवा धरून ठेवतो, मग तोंड बाहेर काढल्यावर त्या अर्ध्या सेकंदात आधी सोडायची आणि मग घ्यायची अशी दुहेरी कसरत करतो. ती साधत नाही. चार हातांत माणूस कासावीस होतो. उपाय सोपा: तोंड पाण्यात असेपर्यंत नाकातोंडातून बुडबुडे सोडत राहायचे, म्हणजे तोंड वळवल्यावर फक्त घ्यायचं काम उरतं. मात्र सगळी हवा रिकामी करायची नाही. छाती रिकामी झाली की ती तरंगत नाही. आमच्या शिकवणाऱ्याने आम्हां दोघांना पहिला आठवडा उथळ पाण्यात उभं राहून नुसते बुडबुडे काढायला लावले. शेजारी सहा-सात वर्षांची मुलं तेच करत होती आणि आमच्याकडे बघून हसत होती. सुरुवातीची खरी परीक्षा ही असते, पन्नास मीटर वगैरे नंतर.

श्वास घेताना मुंडी उचलायची नाही, कूस बदलायची. झोपेत आपण कुशीवर वळतो तेव्हा मान आधी उचलत नाही, सगळं अंगच वळतं, तसं. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर. कुशीवर वळलेलं शरीर अरुंद होतं, हात लांब पोचतो आणि खांद्यावर ताण कमी येतो. हात आत गेला की तळव्याने पाणी खाली दाबण्याचा मोह होतो. खाली दाबलं की अंग वर उचललं जातं, पुढे जात नाही. कोपर वर ठेवून, पंजा आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात मिळून एकच वल्हं समजायचं आणि ते मागे न्यायचं. वल्हं हळू नेलं तरी होडी पुढे जाते, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको.

पायांबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो. फ्रीस्टाइलमध्ये लांब अंतर पोहताना पुढे जाण्याचं बहुतेक काम हात करतात. पायांचा वाटा थोडा, पण मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे, त्यामुळे ऑक्सिजनचं बिल मात्र तेच वाढवतात. त्यात रोज दहा तास सेफ्टी शूजमध्ये आवळलेले घोटे ताठर झालेले असतात. ताठर घोट्याचं पाऊल पाण्यात ब्रेकसारखं उभं राहतं. नुसते पाय मारत फळी धरून पोहायला सांगितलं की काही माणसं जागेवरच राहतात, एखाददुसरा चक्क मागे जातो. मी मागे गेलेलो आहे.

वेल्डरच्या गावाचं नाव ऐकल्यावर मला मुरलीकांत पेटकर आठवायला हवे होते, पण ते जरा उशिरा आठवले. पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, जन्म 1944 चा. सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळायचे. 1965 च्या युद्धात त्यांना नऊ गोळ्या लागल्या. एक पाठीच्या कण्याजवळ कायमची राहिली. कमरेखालचं अंग अधू झालं. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार चालू असताना ते पाण्यात उतरले ते व्यायाम म्हणून. 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळवलं. भारताचं ते पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. सरकारला त्यांना पद्मश्री द्यायला 2018 उजाडलं, हे जाता जाता.

पेटकरांची गोष्ट आपण जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण पोहणाऱ्याने ती एकदा तंत्राची गोष्ट म्हणूनही वाचावी. ज्या पायांच्या जिवावर बॉक्सर रिंगमध्ये नाचतो, ते पाय गेले. उरले हात, खांदे आणि पाण्यात आडवं राहण्याची कला. त्यांच्या पायांचं बळ गेलेलं असताना 37.33 सेकंद, मला दोन धडधाकट पाय असताना पहिल्यांदा घड्याळ लावलं तेव्हा 1 मिनिट 22 सेकंद. हा आकडा वेल्डरला सांगितला तर तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘आमच्याच गावचं माणूस, अन् आम्हाला ठाव न्हाई.’ पुढच्या शुक्रवारी तो पायांत फोमचा ठोकळा अडकवून, पाय बांधल्यासारखे ठेवून, नुसत्या हातांनी पोहत होता. कुणी सांगितलं नव्हतं.

ताकद आणि तंत्र यांच्यातला हा हिशोब जुना आहे. 1875 मध्ये मॅथ्यू वेबने इंग्लिश खाडी पहिल्यांदा पोहून पार केली ती ब्रेस्टस्ट्रोकने, 21 तास 45 मिनिटांत. 1926 मध्ये अमेरिकेची गर्ट्रूड एडर्ली, वयाने विशीतली, फ्रीस्टाइलने साडेचौदा तासांच्या आसपास पार झाली. तोवरच्या सगळ्या पुरुषांपेक्षा सुमारे दोन तास आधी. वेब दर्यावर्दी होता, अंगाने भक्कम. एडर्लीकडे नवी पद्धत होती.

आता माझ्या बायकोविषयी. ती नाशिकची. रामकुंडात पाय बुडवण्यापलीकडे तिचा पाण्याशी संबंध नव्हता. आमच्या पिढीत बायकांना विहिरीत उतरू देत होतं कोण? इथे महिलांसाठी राखीव वेळेत तिने अडतिसाव्या वर्षी शिकायला सुरुवात केली. पहिले तीन आठवडे ती काठ सोडेना. चौथ्या महिन्यात ती न थांबता 400 मीटर पोहली. मला त्याला आठ महिने लागले. कारण सरळ होतं: तिला शिकायचं होतं, मला आधी विसरायचं होतं. शिवाय ती शिकवणारीला दर दोन मिनिटांनी ‘का?’ म्हणून विचारायची. लहान मूल नक्कल करून शिकतं. मोठ्या माणसाला कारण कळलं की हात वळतो. मोठेपणी शिकण्याचा हा एकच मोठा फायदा आहे, आणि पुरुष तो वापरत नाहीत, कारण विचारलं तर येत नाही हे कळेल.

सरावाबाबत माझं ठाम मत झालंय, कुणाला पटो न पटो. आठवड्यातून एकदा दोन तास पोहण्यापेक्षा तीनदा चाळीस मिनिटं बरी. आणि एका दमात हजार मीटर रेटण्यापेक्षा 25 मीटरचे वीस तुकडे, मध्ये पंधरा-वीस सेकंद थांबून. दमल्यावर हात वाकडे पडतात, आणि शरीराला वाकडा हातही तितक्याच इमानाने पाठ होतो. तुकड्यातुकड्याने पोहताना एका वेळी एकच गोष्ट धरायची: या पंचविसात फक्त बुडबुडे, पुढच्यात फक्त कूस. आणि हात मोजायचे. 25 मीटरला किती हात लागले, हा आकडा घड्याळापेक्षा खरं बोलतो. मी सुरू केलं तेव्हा 34 लागायचे. काठाला लाथ मारून अंग लांब ताणलं आणि काहीच न करता जेवढं जाता येईल तेवढं घसरू दिलं, तेवढ्यानेच चार कमी झाले.

उन्हाळ्यात इथे सगळं उलटं होतं. 1 जून ते 15 सप्टेंबर उघड्यावरची कामं सकाळी 10 ते दुपारी साडेतीन बंद ठेवण्याचा नियम आहे, यावरून उन्हाची कल्पना यावी. आपल्याकडे हिवाळ्यात पाणी तापवतात; इथे उन्हाळ्यात तलावाचं पाणी यंत्राने गार करावं लागतं. स्पर्धेच्या तलावाचं पाणी 25 ते 28 अंश असावं असा दंडक आहे, कारण जोरात पोहणारं शरीर उष्णता पाण्यात सोडतं, आणि पाणीच ऊन असेल तर ती जाणार कुठे? ऑगस्टमध्ये आखाताचं पाणी 33-34 अंशांच्या पुढे जातं. पोहताना घाम जाणवत नाही, तहान लागत नाही, आणि माणूस आतून तापत राहतो. शेजारच्या अमिरातीत, फुजैराला, 23 ऑक्टोबर 2010 रोजी 10 किलोमीटरच्या शर्यतीत फ्रान क्रिपेन हा 26 वर्षांचा अमेरिकन जलतरणपटू ऊन पाण्यात पोहताना गेला. तो जगातल्या पहिल्या फळीतला होता. त्यानंतर खुल्या पाण्यातल्या शर्यतींसाठी 31 अंशांची वरची मर्यादा आली. एशियन टाउनमधून शुक्रवारी गाडी करून समुद्रावर जाणाऱ्या आपल्या पोरांना हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. आखाताचं पाणी खारट आहे. महासागरात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ, इथे 40 आणि वर. त्यामुळे अंग छान तरंगतं, आणि विहिरीतल्या माणसाला वाटतं आपण अचानक सुधारलो. त्या भरात तो काठापासून लांब जातो. एकट्याने जाऊ नका. काठाला समांतर पोहा.

याच पाण्यात इथले लोक पिढ्यानपिढ्या मोत्यांसाठी बुड्या मारत आले. जून ते सप्टेंबर हा त्यांचा मोठा हंगाम. नाकाला कासवाच्या कवचाचा चिमटा, पायाला दगड, कमरेला दोरी. वर होडीत दोरी धरून बसणारा, त्याला सैब म्हणत, आणि खाली जाणारा तो घैस. दगडाच्या वजनाने खाली जायचं, मिनिटभर शिंपले वेचायचे, दोरीला हिसका द्यायचा. दिवसभरात अशा कित्येक बुड्या. वेचलेले मोती पुढे मुंबईच्या बाजारात यायचे, आणि 1966 पर्यंत कतारमध्ये रुपयाच चालत होता. 1930 च्या दशकात जपानी पैदाशी मोत्यांनी हा धंदा बसवला. माझ्या दृष्टीने मोलाचं हे की घैस घाई करत नसे. घाई म्हणजे धडधडणारं काळीज, आणि धडधडणारं काळीज हवा खातं. पोटासाठी बुडी मारणारा माणूस पाण्यात कमीत कमी हालचाल करायचा, कारण वर दोरी ओढणारा दुसऱ्याचं काळीज ओढू शकत नाही.

पुढे काय, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. सलग पोहता यायला लागलं की दोन-तीन महिन्यांत कंटाळा येतो. इथे एखादं ठरलेलं आव्हान लागतं, तारीख लावलेलं. फेब्रुवारी 2024 मध्ये दोह्यात जागतिक जलतरण अजिंक्यपद झालं, मध्यपूर्वेत पहिल्यांदा. ते टीव्हीवर दिसलं. पण ते संपल्यावर त्याच महिनाअखेरीस मास्टर्सची जागतिक स्पर्धा झाली, ती फारशी कुणी पाहिली नाही. मास्टर्स म्हणजे 25 वर्षांपुढचे. मग दर पाच वर्षांचा एक गट, थेट नव्वदीपर्यंत आणि पुढेही. तिथे सत्तरीचा माणूस सत्तरीच्या माणसाशी पोहतो. आपल्याकडे मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरच्या सुमारास सागरी स्पर्धा भरते. तिथे छोट्या अंतरांपासून कैक किलोमीटरपर्यंतचे गट असतात. आखातातल्या माणसाच्या रजेच्या हिशोबात डिसेंबर बसतो, हा मोठाच योग.

निकालावर मात्र जीव टांगू नये. कोल्हापूरचा वीरधवल खाडे तहसीलदाराची नोकरी सांभाळून परत पाण्यात आला. 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत त्याचा वेळ 22.47 सेकंद आणि तिसऱ्याचा 22.46. सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक गेलं. त्याच दिवशी सकाळच्या फेरीत त्याने 22.43 चा राष्ट्रीय विक्रम केला होता. म्हणजे सकाळचा वीरधवल संध्याकाळी असता तर पदक होतं. मोजायचं ते स्वतःशी, हे बोलायला सोपं. त्याला ते पचवावं लागलं.

वेल्डर गेल्या रजेत गावी गेला तेव्हा पोरांनी त्याला विहिरीवर नेलं आणि ‘दुबईवाला’ काय शिकून आला ते दाखव म्हणाले. कतार म्हणून सांगून उपयोग नव्हता. त्याने मुंडी पाण्यात घालून चार हात मारले आणि पायरी आली. पोरांना काही दिसलंच नाही. मग त्याने धावेवरून सूर मारला, तेव्हा टाळ्या पडल्या.

25 मीटरला मला आता 21 हात लागतात. त्याला 17.